शिंगाळ्याचे लॅटिन

इ. स. 2014 मध्ये आंध्र प्रदेश राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पाण्याची, कर्मचाऱ्यांची, इमारतींची आणि कर्जाची वाटणी झाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी आणखी एक लहानशी वाटणी फारशी कोणाच्या लक्षात न येता होऊन गेली. ती हरणांची वाटणी होय. संयुक्त राज्याचा राज्यप्राणी काळवीट. तो आंध्र प्रदेशाकडे राहिला आणि नव्या तेलंगणाने नोव्हेंबर महिन्यात ‘जिंका’ हा आपला राज्यप्राणी म्हणून जाहीर केला. आता तेलुगूत जिंका म्हणजे हरिण. काळवीट तो ‘कृष्ण जिंका’ आणि चितळ तो ‘चुक्कल जिंका’, म्हणजे ठिपक्यांचा. नुसत्या जिंका या शब्दाने दोहोंपैकी कोणता, याचा निर्णय होत नाही. तो करावयाचा तर लॅटिन नावाकडे जावे लागते: काळवीट म्हणजे अँटिलोप सर्व्हिकॅप्रा आणि चितळ म्हणजे ॲक्सिस ॲक्सिस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांतही प्रचलित नावाशेजारी लॅटिन नाव छापलेले असते, ते याचसाठी. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना या व्यवस्थेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. नाव संदिग्ध राहिले की प्रकरण रेंगाळते.

परंतु हा प्रश्न केवळ शासकीय सोयीचा नाही. तो साहित्याचाही आहे. नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हा भाषांतराचा सर्वांत लहान आणि म्हणूनच सर्वांत कठीण प्रकार होय. कवितेच्या भाषांतरात एका ओळीत हरवलेले दुसऱ्या ओळीत भरून काढता येते; नावात तशी सवड नसते. स्वीडनच्या लिनियसने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे दिली आणि तेव्हापासून जगभरच्या प्राण्यांची नावे लॅटिनात जाऊ लागली. ही भाषांतरे शास्त्रज्ञांनी केली. त्यांची शास्त्रीय छाननी उदंड झाली, पण भाषांतर म्हणून ती कशी साधली आहेत, हे पाहण्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आपल्या दख्खनच्या प्राण्यांपुरते ते पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्राण्याच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या किंवा त्याला अलंकार चढविणाऱ्या लॅटिन नावांपेक्षा, लोकांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उचलणारी नावे अधिक प्रामाणिक भाषांतरे ठरली आहेत; आणि अशा नावांत मराठीचे काही धन परक्या घरी सुखरूप राहिले आहे.

प्रथम वर्णनात्मक नावे पाहू. काळविटाचे ‘सर्व्हिकॅप्रा’ हे नाव लॅटिनातील दोन शब्दांचे आहे. ‘सर्व्हस’ म्हणजे सांबरासारखे शिंगाळ हरिण आणि ‘कॅप्रा’ म्हणजे शेळी. हरिण-शेळी असा हा समास झाला. नाव देणाऱ्याने आपल्या ओळखीच्या दोन प्राण्यांच्या मध्ये कोठेतरी या अनोळखी प्राण्याला बसविले. याउलट आपल्याकडे संस्कृतात ‘कृष्णसार’ आणि मराठीत ‘काळवीट’ ही नावे नराच्या काळ्या रंगावरून आली. शिवाय कृष्णसार ज्या भूमीवर हिंडतो ती भूमी धर्माचरणास योग्य, असे मनुस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. म्हणजे या नावाला प्रदेशाचा आणि आचाराचा अर्थ चिकटलेला होता. तो लॅटिनात जाणे शक्यच नव्हते. शेळी मात्र गेली.

नीलगाईचे प्रकरण याहून गमतीचे आहे. तिचे लॅटिन नाव ‘बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस’. यातील ‘बोस’ म्हणजे बैल, ‘एलाफोस’ म्हणजे हरिण, ‘ट्रॅगोस’ म्हणजे बोकड आणि ‘कॅमेलस’ म्हणजे उंट. एका प्राण्यात चार प्राणी कोंडलेले आहेत. पाहणाऱ्याला तिच्यात सर्व काही दिसले, नीलगाय तेवढी दिसली नाही. आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात या प्राण्याला रोही किंवा रुई म्हणतात. शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतो, कारण ती उभे पीक तुडविते. पण ‘गाय’ म्हटले की त्याचा हात आखडतो, असा अनुभव उत्तर भारतात वारंवार आला आहे. नाव काय आहे यावर प्राण्याचे जगणे-मरणे अवलंबून असते, ते असे. बैल, हरिण, बोकड आणि उंट या चौघांना मिळून जे अभय मिळाले नसते, ते एका ‘गाय’ शब्दाने मिळवून दिले.

वर्णनात्मक नावांत एक नाव मात्र अपवाद म्हणून बाजूला काढावे लागते. चौशिंगा हा आपल्या पानगळीच्या रानातला लाजाळू प्राणी. त्याला लॅटिन नाव मिळाले ‘टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस’. यातील पहिला शब्द ग्रीक घटकांचा, त्याचा अर्थ चार शिंगांचा. दुसरा शब्द लॅटिन, त्याचाही अर्थ चार शिंगांचा. वरवर पाहता ही निव्वळ पुनरुक्ती आहे आणि आमच्या विद्यार्थिदशेत असे वाक्य कोणी लिहिले असते तर गुरुजींनी लाल रेघ ओढली असती. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले म्हणजे या नावाचा थाट कळतो. आपला ‘चौ’ हा संस्कृत ‘चतुर्’पासून आलेला, ग्रीक ‘टेट्रा’ आणि लॅटिन ‘क्वाड्रि’ हे त्याच चतुर्‌चे भाऊबंद. आपले ‘शिंग’ हे ‘शृंग’ शब्दापासून आलेले. ग्रीक ‘केरास’ आणि लॅटिन ‘कॉर्नू’ ही त्याच मुळाची रूपे. म्हणजे टेट्रासेरस, क्वाड्रिकॉर्निस आणि चौशिंगा हे तीन निरनिराळे शब्द नव्हेत. एकाच शब्दाची हजारो वर्षांपूर्वी फुटलेली ही तीन घराणी आहेत. येथे भाषांतर झालेच नाही, भावकीची भेट झाली. काळविटाच्या नावातील ‘सर्व्हस’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. त्याचा मूळ अर्थ शिंगे असलेला. आपल्या शेजारच्या तेलुगूत मात्र चौशिंगा हा ‘कोंड गोर्रे’, म्हणजे डोंगरातली मेंढी. तेलुगू माणसाने शिंगे मोजली नाहीत, त्याने ठिकाण पाहिले. दोन्ही पाहणी खरी आहेत.

एका भाषेतले नाव दुसऱ्या भाषेत गेले की अर्थ किती सरकतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी हैदराबादकरांना शहराबाहेर फार दूर जावे लागत नाही. वनस्थलीपुरमला ‘महावीर हरिण वनस्थली’ आहे आणि चिलकूरला ‘मृगवनी’ आहे. मराठी माणूस दोन्ही पाट्या वाचतो आणि दोन्ही ठिकाणी हरणे असतील अशी अपेक्षा करतो. तेलुगू माणसाच्या कानाला मात्र ‘मृगम्’ म्हणजे जनावर, तेही बहुधा हिंस्र. संस्कृतात आधी हाच व्यापक अर्थ होता. म्हणून सिंह हा मृगेंद्र, माकड हा शाखामृग आणि शिकार ती मृगया. पुढे अर्थ आक्रसत जाऊन मराठीत मृग म्हणजे हरिण उरले. याच शब्दाचा इराणी शाखेतील नातलग अवेस्ताच्या भाषेत ‘पक्षी’ या अर्थाने आढळतो आणि त्याचाच वंशज फारसीतला ‘मुर्ग’. तेव्हा चारमिनारच्या परिसरात ज्या मुर्गाचा वास दरवळतो, तो आणि आपल्या पंचांगातील मृग हे दूरचे चुलतभाऊ ठरतात. पंचांगाचा विषय निघालाच आहे, तर मृगाच्या किड्याचेही सांगावयास हवे. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मखमलीसारखा लाल किडा दिसतो. मराठीत तो मृगाचा किडा. तेलुगूत तोच ‘आरुद्र पुरुगु’, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा किडा. दख्खनीत ती बीरबहूटी. लॅटिनात त्याचे नाव ‘ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम’, आणि ग्रँडिसिमम म्हणजे सर्वांत थोर, अतिशय मोठा. आपल्या जातभाईंत तो मोठा आहे, हे शास्त्रदृष्ट्या बरोबरच. पण मराठी आणि तेलुगू शेतकऱ्याने त्या किड्याच्या नावात पेरणीचा मुहूर्त लिहून ठेवला होता. तो लॅटिनात पुसला गेला आणि उरले ते केवळ आकारमान.

येथवर जी नावे पाहिली ती दुरून पाहणाऱ्यांनी दिलेली. आता ज्याने दख्खनमध्ये वर्षानुवर्षे राहून, येथील माणसांना विचारून नावे दिली, त्या लेखकाकडे वळू. विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई फौजेतील अधिकारी. जन्म 1790, मृत्यू 1872. पेशवाई बुडाल्यानंतर 1824 साली मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी अधिकारी नेमले. दख्खनच्या कलेक्टरी मुलखाची लोकसंख्या, पिके, जमीनधारा, पर्जन्यमान या सर्वांची नोंद घेत तो हिंडला आणि जाता-येता प्राणी, पक्षी व मासेही टिपत गेला. पुढे विलायतेस परतल्यावर त्याने 1831 साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची, 1832 साली पक्ष्यांची आणि 1839 पासून माशांची वर्णने प्रसिद्ध केली. लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत तो होता आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. आम्हांला त्याच्याविषयी जी आस्था वाटते ती या मानमरातबामुळे नव्हे. महसूल आणि सांख्यिकीच्या कामावर नेमलेला माणूस कामाच्या वहीच्या कडेला पाखरांची नावे लिहितो, ही गोष्ट त्या खात्यातल्या माणसालाच नीट कळेल.

सायक्सच्या नामकरणाचे तीन प्रकार पडतात आणि तिन्हींचा दर्जा सारखा नाही.

पहिला प्रकार प्रदेशाच्या नावाचा. दख्खन हा शब्द तो त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ‘दुखुन’ असा लिही. त्यावरून त्याने ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे लॅटिन विशेषण घडविले. दक्षिण या संस्कृत शब्दाचे दख्खन झाले, दख्खनचे दुखुन झाले आणि त्याला लॅटिन प्रत्यय लागला. आपल्या रानकुत्र्याला, ज्याला मराठीत कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात, त्याने 1831 साली ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ हे नाव दिले. परंतु प्राणिशास्त्रात ज्येष्ठतेचा नियम कडक आहे. हाच प्राणी 1811 साली पालास या शास्त्रज्ञाने सैबेरियाकडून वर्णिला होता आणि त्याला ‘अल्पिनस’, म्हणजे उंच पर्वतावरचा, असे म्हटले होते. त्यामुळे सायक्सचे नाव मागे पडले आणि ताडोब्याच्या सागवानात टोळीने हिंडणारा आमचा कोळसून कागदोपत्री परदेशी पर्वतावरचा रहिवासी झाला. याच्या नेमके उलट परटाचे झाले. हिवाळ्यात ओढ्याकाठी शेपूट खालीवर करीत फिरणाऱ्या पांढऱ्या परटाला सायक्सने ‘दुखुनेन्सिस’ म्हटले. हा पक्षी विणीसाठी उत्तरेकडे, थेट पश्चिम सैबेरियापर्यंत जातो. येथे तो पाहुणा. तरीही त्याच्या उपजातीचे ‘दख्खनचा’ हे नाव दीर्घकाळ पक्षिग्रंथांत चालत आले. काही अभ्यासक अलीकडे ती उपजात मूळ जातीतच सामावून घेतात, हा भाग निराळा. जो येथेच जन्मला त्याच्या नावावर सैबेरिया आणि जो सैबेरियाहून आला त्याच्या नावावर दख्खन, असा हा दप्तरी न्याय आहे. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला उत्तर देत आलेल्या आपल्या कुटुंबांना यातील मर्म सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रकार अलंकाराचा. घारीला सायक्सने ‘मिल्व्हस गोविंदा’ म्हटले आणि माळावरच्या एका लहान तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’ असे नाव दिले. ही दोन्ही नावे आजही टिकून आहेत. आपल्याकडच्या घारीची उपजात ‘गोविंदा’ आणि तो चंडोल ‘गॅलेरिडा देवा’. हैदराबादच्या आभाळात दुपारी घिरट्या घालणारी प्रत्येक घार शास्त्राच्या दृष्टीने गोविंदा आहे, हे कळल्यावर प्रथम मौज वाटते. पण मौज ओसरल्यावर प्रश्न उरतो की, या नावाने नेमके काय सांगितले? कोणत्याही फासेपारध्याने घारीला गोविंद म्हटलेले नाही. मराठीत घार म्हटले की पिलापाशी गुंतलेले आईचे मन आठवते. पिल्लू उचलून नेणारी वैरीणही आठवते. ‘गोविंदा’ या नावात यातले काहीच नाही. ऐकलेल्या देवनामांपैकी एक उचलून पक्ष्याच्या गळ्यात घातले, एवढेच. श्रद्धा नाही, अनादरही नाही. निव्वळ शोभा आहे. भाषांतराच्या परीक्षेत आम्ही या नावांना काठावर उत्तीर्ण करू.

तिसरा प्रकार माशांचा, आणि सायक्सचे खरे श्रेय येथे आहे. दख्खनच्या नद्यांतील मासे त्याने पाहिले तेव्हा त्याने बहुतेक वेळा ते धरणाऱ्या माणसांचेच शब्द उचलले. शिंगाळा या माशाला त्याने ‘सीनघाला’ म्हटले. आज त्याचे पूर्ण नाव ‘स्पेराटा सीनघाला’. त्याच्या धाकट्या नातलगाला ‘सीनग्टी’, म्हणजे शिंगटी. एका लहानशा माशाला ‘इचकीआ’, दुसऱ्याला ‘ताकरी’, तिसऱ्याला ‘कोलस’. आणि दख्खनच्या महाशीर माशाला ‘खुद्री’. यांपैकी एकही शब्द लॅटिन नाही. ही सर्व भीमा, मुळा-मुठा आणि गोदावरीच्या काठची बोली आहे. क्वचित त्यालाही लंडनच्या मित्रांची आठवण होई. तेथील प्राणिशास्त्रज्ञ ओगिल्बी यांच्या सन्मानार्थ त्याने एका माशाचे नाव ‘रोहटी ओगिल्बी’ ठेवले. त्यातील रोहटी हा शब्द येथील, आडनाव तेथले. जणू रोहटी नावाच्या मराठी मुलीचे विलायतेत लग्न झाले आहे. परंतु अशी नावे त्याच्या सूचीची ओळख नव्हेत. तिची ओळख शिंगाळा आहे.

शिंगाळा हे नाव भाषांतर म्हणून इतके चांगले का? हा मासा बिनखवल्यांचा, लांब मिशांचा. त्याच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना टणक, धारदार काटे असतात. जाळ्यातून तो सोडविताना हात जपावा लागतो. ज्याने तो सोडविला त्यालाच त्या काट्यांना शिंग म्हणण्याची बुद्धी होईल. पाण्यावरून पाहणाऱ्याला मिशा दिसतील, शिंग दिसणार नाही. म्हणजे या नावात माशाचे रूप जितके आहे, तितकाच ते धरणाऱ्या हाताचा अनुभव आहे. सायक्सने अर्थाचे भाषांतर करावयाचे ठरविले असते तर ‘कॉर्न्यूटस’ असा काहीतरी शब्द सहज घडविता आला असता आणि मग हात निसटला असता, केवळ शिंग उरले असते. त्याने शब्दच नेला, म्हणून हातही गेला. आणि आता वर सांगितलेली गोष्ट आठवावी. शिंगाळ्याचे शिंग म्हणजे शृंग, आणि शृंग व लॅटिन ‘कॉर्नू’ एकाच मुळाचे. सायक्सने जो शब्द परका म्हणून लॅटिनाच्या घरात नेला, तो त्या घराचा सोयराच होता.

सायक्सच्या लेखनपद्धतीविषयी तक्रार करण्यास जागा आहे. ‘ई’साठी दोन अक्षरे, ‘उ’साठी दोन अक्षरे, ‘ळ’ तर कोठेच नाही. शिंगाळा हा सीनघाला झाला. मधला ‘ग’ फुगला आणि ‘ळ’ हरपला. शास्त्राचा नियम असा की, नाव प्रथम जसे छापले गेले तसेच ते पुढे चालते. कोणालाही आपल्या मर्जीप्रमाणे ते सुधारता येत नाही. आम्हांला यात आपल्या महसुली दप्तराची आठवण होते. निजामी अमदानीत गावांची नावे उर्दूत लिहिली गेली, 1954-55 च्या खासरा पहाणीत ती पुन्हा उतरली, नंतर तेलुगूत आणि इंग्रजीत आली. प्रत्येक लिपीने आपल्यापुरता एक स्वर खाल्ला किंवा वाढविला. गावकरी आपले गाव एका नावाने ओळखतात आणि दप्तर दुसऱ्या. तरीही जुन्या नोंदीत मूळ नाव ओळखू येते, एवढे पुरते. सीनघालात शिंगाळा ओळखू येतो. ‘गोविंदा’त घार ओळखू येत नाही. लेखनातली चूक परवडते, दृष्टीतली परवडत नाही. सायक्सविषयी अधिक गंभीर आक्षेप निराळाच आहे: त्याच्या माशांच्या नावांत ओगिल्बी आहेत, व्हिगॉर्स आहेत, यॅरेल आहेत, ज्यांनी त्याला शिंगाळा हा शब्द सांगितला त्या भोयांपैकी आणि कोळ्यांपैकी एकाचेही नाव नाही. शब्द नेला, सांगणारा मागे राहिला.

सायक्सची ही वाट पुढे एका मराठी शास्त्रज्ञाने अधिक डोळसपणे चोखाळली. 1952 साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘निओट्रोपियस खवलचोर’. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. ग्रीक शब्दांवरून ‘खवलेभक्षक’ अशा अर्थाचे नाव घडविणे शास्त्रज्ञाला सहज शक्य असते आणि त्याने कोणाची भुवई उंचावली नसती. परंतु भक्षक म्हटले की केवळ आहार कळतो. चोर म्हटले की मासा, त्याचा बळी आणि त्या बळीची बाजू घेणारा माणूस असे तिघेही डोळ्यांपुढे येतात. ‘खवलचोर’ या शब्दात तक्रार आहे, थोडा मिस्कीलपणा आहे, आणि नदीकाठच्या मराठीचा ठसका आहे. जगातील कोणत्याही देशाच्या मत्स्यशास्त्रज्ञाला या माशाविषयी लिहावयाचे तर त्याला ‘खवलचोर’ असेच लिहावे लागते. एका मराठी समासाला याहून मोठा सन्मान कोणता? येथे लेखनात चूक नाही, दृष्टीत चूक नाही. आम्ही हे नाव या साऱ्या सूचीतील सर्वोत्तम भाषांतर मानतो, कारण त्यात भाषांतर करण्याचा मोह आवरला आहे.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दांचा खेळ झाला. नाव कोणत्याही भाषेत असले तरी प्राणी तोच. यावर आपल्या शेजारच्याच प्रदेशातले उदाहरण देतो. आंध्रातील एका रात्रिंचर पक्ष्याला शास्त्रज्ञांनी ‘बायटॉर्क्वेटस’, म्हणजे दोन गळपट्ट्यांचा, असे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर तो कोणाला दिसला नाही आणि नामशेष झाला असे सर्वांनी गृहीत धरले. 1986 च्या जानेवारीत तो कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला, आणि तो शोधण्याच्या कामी तेथील पक्षी धरणाऱ्या माणसांचे ज्ञान उपयोगी पडले. तेलुगूत त्याचे नाव ‘कलिवि कोडी’, म्हणजे कलिवीच्या झुडपांतली कोंबडी. गळपट्टे दिसण्यासाठी पक्षी आधी हाती यावा लागतो. तो कोणत्या झुडपांत शोधावा, हे मात्र तेलुगू नाव सांगते. बोलीतले नाव हा पक्ष्याचा पत्ता असतो. ते विसरणे म्हणजे पत्ता हरवणे.

यातच आपल्या चिंतेचे कारण आहे. मराठीत मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने आयुष्यभर रानात हिंडून, आदिवासींना विचारून नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. परंतु एकीकडे असे काम होत असताना दुसरीकडे इंग्रजी नावांची मराठी भाषांतरे करून सूची भरण्याची रीतही रूढ होत आहे. मूळ बोलीतला शब्द न विचारता, इंग्रजीतील रंग आणि अवयव मराठीत उतरविले की नाव तयार. सर्व्हिकॅप्राच्या कर्त्याने जे केले तेच आपण आपल्या भाषेत, आपल्याच प्राण्यांच्या बाबतीत करीत आहोत. त्याला निदान हा मुलूख परका होता.

आपण हैदराबादकर मराठी माणसे या बाबतीत एका विचित्र परंतु लाभाच्या जागी उभे आहोत. सायक्सने ज्या भीमेच्या खोऱ्यात मासे पाहिले, ती भीमा कृष्णेला मिळते, आणि नागार्जुनसागरातून आलेले कृष्णेचे पाणी आपल्या नळांना येते. आपली मुशीही शेवटी कृष्णेलाच जाऊन मिळते. मृगशिरेच्या दिवशी रामनगरच्या मासळी बाजारात झुंबड उडते, तेव्हा तेथे शिंगाळ्याची जात ‘जेल्ला’ या नावाने विकली जाते. मासा एकच, पाणी एकच. मध्ये नाव तेवढे बदलते. ज्या घरांत आजीला शिंगाळा माहीत होता, वडिलांना जेल्ला माहीत आहे आणि नातवाला इंग्रजी नाव माहीत आहे, अशी घरे महाराष्ट्रात सापडणार नाहीत. ती काचीगुड्यात, सुलतान बाजारात आणि बडी चावडीत सापडतील. तीन पिढ्यांची तीन नावे एका ताटाभोवती बसलेली आहेत. ती अजून एकमेकांना ओळखतात. आणखी एका पिढीने ओळखतील याची खात्री आम्ही देणार नाही.

म्हणून आमची सुजाण वाचकांना सूचना आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्राणी, पक्षी, मासे आणि किडे यांची त्यांच्या तोंडची नावे लिहून काढावीत. नाव मराठी असो, दख्खनी असो की तेलुगूतून मराठीत रुळलेले असो, ते जसे उच्चारले जाते तसेच लिहावे. शुद्ध करू नये, अर्थ लावून सुधारू नये. सोबत ते कोणी सांगितले आणि ते कोणत्या गावचे, हेही लिहावे. सायक्सकडून राहून गेलेले हे एवढे काम आपल्याला करता येण्याजोगे आहे. शास्त्रज्ञांच्या लॅटिनात शिंगाळा, इचकी, ताकरी आणि खवलचोर यांची नोंद झालेली आहे व ती कोणी पुसू शकत नाही. आपल्या स्वतःच्या दप्तरात ही नोंद घ्यावयाची राहिली आहे.